बुडालेला टेथिस शोधायचा कुठे?

प्रश्न : रशियात कोला इथे जमिनीत पाडलेलं भोक सगळ्यांत खोल, तेही जेमतेम 12 किलोमीटर. मग भूपट्टांच्या हालचालीवरून दीड-दोन हजार किलोमीटरखाली काय दडलंय हे आधीच सांगता येतं, हे कितपत खरं?

उत्तर : खरं आहे. फक्त जागा जितकी नीट सांगता येते, तितकी खोली नाही.

सागरतळाचं वय सांगणाऱ्या, तिथल्या खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांवरून भूपट्ट मागे मागे सरकवत न्यायचे. कोणत्या काळी कुठल्या गर्तेत, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथे, तळ खाली गेला हे नकाशावर मांडायचं आणि तो गार, जड तुकडा तिथून सरळ खाली सोडायचा. 10 कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या दक्षिण काठाशी टेथिस या आता नाहीशा झालेल्या महासागराचा तळ गर्तेत शिरत होता, तो घेऊ. पहिले 660 किलोमीटर वर्षाला 5 सेंटिमीटरने धरले, तर साधारण 1.3 कोटी वर्षं जातात. त्याखाली प्रावरण (कवच आणि गाभा यांमधला खडकांचा थर) कित्येक पट घट्ट, म्हणून वेग 1.2 सेंटिमीटर धरायचा. उरलेल्या 8.7 कोटी वर्षांत आणखी 1,044 किलोमीटर. तुकडा आज सुमारे 1,700 किलोमीटरवर असायला हवा. घोळ या 1.2 मध्येच आहे! 1 धरलात तर उत्तर 1,530, दीड धरलात तर 1,965.

पडताळा भूकंपलहरींच्या टोमोग्राफीने घेतात. पृथ्वीचा सीटी स्कॅनच म्हणा. गार खडकातून लहरी किंचित जलद जातात, फरक जेमतेम टक्काभर. फान डेर फू, स्पाकमन आणि बाइवार्ड या संशोधकांना 1999 मध्ये अशा गार खडकाचे तीन पट्टे दिसले, सुमारे 1,000 ते 2,300 किलोमीटर खोलीवर, आणि तेही भारताच्या खाली. टेथिस तर आपल्या उत्तरेला होता, मग तो इथे कसा? तुकडे बुडाले तिथेच खाली जात राहिले, भारत वरून उत्तरेला सरकत आला. फक्त हिमालयाखाली शोधणारा हमखास चुकतो.

प्रश्न : ही रीत फसते कुठे?

उत्तर : तुकडा नेहमी सरळ बुडत नाही. जपानकडून गेलेला पॅसिफिकचा तळ ईशान्य चीनखाली 660 किलोमीटरच्या आसपास आडवा पसरलाय. शिवाय 20 कोटी वर्षांपलीकडचा सागरतळ जवळपास उरलेलाच नाही, त्यामुळे चुंबकीय पट्टेही नाहीत. खडकांतल्या चुंबकत्वावरून जुने अक्षांश कळतात, रेखांश नाही. आणि बुडण्याचा वेग टोमोग्राफी पाहूनच बसवला असेल, तर त्याच टोमोग्राफीशी खोली जुळली याला पडताळा म्हणता येत नाही.