‘सर्वात सर्वशक्तिमान’ चालेल का?

प्रश्न : पॉवर-स्केलिंगच्या (कॉमिक्स-ॲनिमेमधले कोणते पात्र किती ताकदवान, या चाहत्यांच्या) वादात ‘अमुक पात्र सर्वात सर्वशक्तिमान’ असे लिहिलेले दिसते. हे बरोबर आहे का? नसेल, तर अशा दोन पात्रांची क्रमवारी कशी मांडायची?

उत्तर : व्याकरण आडवे येत नाही, अर्थ येतो. ‘सर्वात’ लावायचे तर गुण कमीजास्त होणारा हवा. बलाढ्य कमीजास्त असू शकतो. सर्वशक्तिमान एक तर असतो, नाही तर नसतो. (‘शक्ती’ दीर्घ असली तरी ‘शक्तिमान’मधली ‘क्ति’ ऱ्हस्वच.)

वाद चिघळतो तो मात्र वेगळ्या कारणाने. कथेने दिलेली पदवी आणि कथेत दिसलेली करणी, दोन्ही याच एका शब्दात कोंबल्या जातात. मार्व्हल कॉमिक्समधले बियॉन्डर हे पात्र पाहा. 1984 साली तो आला तेव्हा त्याच्या सामर्थ्याला सीमाच नाही असे चित्र होते. 1988 मध्ये तो अपुरा राहिलेला कॉस्मिक क्यूब (इच्छा प्रत्यक्षात आणणारी त्याच कथांतली वस्तू) ठरला. साल न सांगता ‘बियॉन्डर’ म्हटले की दोघे दोन वेगळ्या पात्रांवर भांडत बसतात. मार्व्हलच्याच लिव्हिंग ट्रिब्यूनल या वैश्विक न्यायाधीशाचे काम सोपे आहे: त्याच्यावर वन-अबव्ह-ऑल ही सर्वोच्च सत्ता आहे हे कथाच सांगते, म्हणजे पदवी आपोआप गळते.

करणी तपासायला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कर्तुमकर्तुम्. सत्ताधाऱ्याला आपण तो उपरोधाने लावतो, पण मूळ वचन ‘कर्तुम् अकर्तुम् अन्यथाकर्तुम्’ असे तीन अंगांचे आहे. करणे, न करणे, झालेले फिरवणे. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या जपानी ॲनिमे मालिकेत सगळ्या विश्वांचा राजा असलेल्या झेनोला हे लावून बघा. 18 विश्वांपैकी सहा त्याने खोडली, म्हणजे पहिले अंग भक्कम. पण पुढे शक्ती-स्पर्धेत (विश्वाविश्वांमधल्या लढतीत) हरली म्हणून खोडलेली विश्वे परत आली ती अँड्रॉइड 17 या स्पर्धकाने सुपर ड्रॅगन बॉल्सकडे, म्हणजे इच्छा पुरवणाऱ्या गोळ्यांकडे, मागणे मागितल्यावर. तिसरे अंग झेनोने स्वतः दाखवलेले नाही. ‘दाखवले नाही, पण जमलेच असते’ हा युक्तिवाद चालवला तर कुठल्याही पात्राला काहीही बहाल करता येते.

दोन सर्वशक्तिमान समोरासमोर आले तर? ब्रह्मसूत्र 4.4.17 मध्ये मुक्तात्म्यांना सगळे ऐश्वर्य दिले आहे, ‘जगद्व्यापारवर्जम्’, म्हणजे जग चालवणे वगळून. शंकराचार्यांचे एक कारण असे: एकाला जग टिकवावेसे वाटले आणि दुसऱ्याला संहारावेसे, तर विरोध होईल. एकाच कथाविश्वात म्हणूनच ही पदवी दोघांना देता येत नाही. दोन वेगळ्या कथाविश्वांतले असतील तर लढतीचे नियम आधी ठरवावे लागतात, आणि निकाल बहुधा त्या नियमांतच दडलेला असतो.

लिहिताना ‘कथेत सर्वशक्तिमान म्हटलेला’ आणि ‘दिसलेल्या करणीवरून वरचढ’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. ‘सर्वात’ फक्त दुसऱ्या रकान्यात वापरा: ‘सर्वात वरचढ’.