एमएस असताना थंडीच्या तोंडावर फ्लूची लस घ्यावी का?

ताई, तुम्हाला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांना इजा करते तो आजार) आहे, त्यासाठी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध सुरू आहे आणि सासरची मंडळी म्हणतायत की लस टोचली की परत एमएसचा अटॅक येईल, म्हणजे आजार पुन्हा उसळेल. मग घ्यायची की नाही, असं तुम्ही विचारलंय. मीही कोल्हापूरचीच आणि मलाही एमएस आहे. माझं मत स्पष्ट आहे: घ्या, पण रिटुक्सिमॅबचा पुढचा डोस कधी आहे ते बघून घ्या.

आधी सासूबाईंच्या भीतीबद्दल. ती नुसती अडाणीपणाची नाही, एके काळी डॉक्टरांनाही हीच शंका होती. म्हणून तर त्यावर अभ्यास झाले. २००१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये युरोपातल्या एमएस रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. लस घेतल्यानंतरच्या दोन महिन्यांत अटॅकचा धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट सर्दी-तापाच्या संसर्गानंतर अटॅक येण्याची शक्यता वाढते, हे अनेकदा दिसून आलंय. घरच्यांना हे शांतपणे सांगा. तुमच्या काळजीपोटीच बोलतायत ते.

त्यांची भीती वाढते ती लशीनंतरच्या रात्रीमुळे. मला त्या रात्री अंग कसकसतं आणि डावा पाय जड होतो. अंगातली उष्णता वाढली की आपल्या इजा झालेल्या नसांतून संदेश नीट जात नाहीत, म्हणून जुनी लक्षणं डोकं वर काढतात. हा नवा अटॅक नव्हे. पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरला की पायही ठिकाणावर येतो. ताप गेल्यावरही एखादं नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त राहिलं, तर मात्र न्यूरोलॉजिस्टना फोन करायचा.

आता रिटुक्सिमॅबचं. तुमच्या बाबतीत खरा विचार इथेच करायला हवा. हे औषध रक्तातल्या बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) संपवतं आणि लशीनंतर अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार होतात त्या याच पेशींच्या वंशातून. डोसनंतर लगेच लस घेतली तर अपाय होत नाही, पण शरीर तिला फारशी दादच देत नाही. म्हणून दोन डोसांमधल्या सहा महिन्यांच्या चक्राच्या शेवटाकडे, पुढच्या डोसच्या निदान चार आठवडे आधी लस घ्यावी असं साधारणपणे सांगतात. तारीख तशी जुळत नसेल आणि आजूबाजूला साथ जोरात असेल, तर फ्लूच्या लशीसाठी महिनोन्‌महिने थांबणंही बरोबर नाही. थोडं संरक्षण मिळालं तरी ते हवंच. हा निर्णय न्यूरोलॉजिस्टकडूनच घ्या. डोससाठी मिरजेला किंवा पुण्याला जात असाल, तर त्याच भेटीत लस कोणत्या आठवड्यात घ्यायची ते फाईलवर लिहून मागा. मग लस इथल्या फिजिशियनकडे घेता येते. नुकताच अटॅक येऊन स्टिरॉइड झाले असतील, तर साधारण चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात.

आणखी एक, ‘हिवाळ्याची लस’ हे आपल्याकडे अर्धंच खरं आहे. भारतात फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो, तसाच पावसाळ्यात आणि तो सरता सरता, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येही. म्हणजे नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं असेल, तर दिवाळीनंतर घेतलेली लस त्याला उशिराची. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू असावेत ते जाहीर करते. त्यामुळे घेताना खोक्यावरचं वर्ष बघा, मेडिकलमध्ये जुना साठा शिल्लक असू शकतो. आणि लस दर वर्षी घ्यावी लागते.

लस इंजेक्शनचीच घ्या. त्यातला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होत नाही. नाकात मारायच्या फवाऱ्याच्या लशीत जिवंत, कमजोर केलेला विषाणू असतो, ती आपल्याला नको. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर याही जिवंत लशी. रिटुक्सिमॅब चालू असताना त्या टाळायच्या. न्यूमोनियाची लस मात्र निर्जीव असते. फ्लूचं विचारायला जाल तेव्हा तिच्याबद्दलही विचारा.

आणि तुमच्या अंगात अँटिबॉडी कमी बनणार आहेत, म्हणून घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यायला हवी. सासूबाईंनी तर नक्कीच, त्यांच्या वयाला ती तशीही लागते. घरात तान्हं बाळ असेल आणि त्याला पोलिओचे थेंब पाजले असतील, तर त्यातला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो, म्हणून पुढचे काही आठवडे लंगोट दुसऱ्या कुणीतरी बदलावेत. तुमच्यावरच वेळ आली, तर साबणाने हात स्वच्छ धुवा.