एसजीपीटी वाढलाय, तर आधी दारू सोडू की वजन कमी करू?

दोन्ही. तुमचा एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ७८, वजन ८८ किलो, शनिवार-रविवारी ‘दोन-तीन पेग’, आणि विचारताय की यातलं एकच केलं तर भागेल का. नाही भागणार. यकृतात चरबी दारूनेही साठते आणि वजनानेही. दोन्ही एकाच माणसात असली की नुकसान नुसत्या बेरजेहून जास्त होतं.

पण वजनाकडे कुणी बघतच नाही, याचा मला राग आहे. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. माझ्या नवऱ्याने कधी दारूला हात लावलेला नाही. कंपनीच्या तपासणीत त्यांचा एसजीपीटी ९६ आणि एसजीओटी (त्याच तपासणीतलं दुसरं एन्झाइम) ५८ आला. रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा सासूबाई सोबत होत्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “किती घेता?” घेत नाही म्हटल्यावर ते हसले, “गुजरातेत सगळे असंच सांगतात.” सासूबाई घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग नणंदेला फोन गेला आणि गणपतीत सगळे जमले तेव्हा हाच विषय. १९६० पासून दारूबंदी असलेल्या राज्यात हा आणतो कुठून? सगळ्यात पुढे आमचे नणदोई. ते परमिटवाले, म्हणजे दारूचा सरकारी परवाना असलेले, रोज घेणारे, अंगाने सडपातळ. स्वतःचा नॉर्मल रिपोर्ट मोबाइलवर सगळ्यांना दाखवत होते.

आकडे नीट वाचले असते तर ही वेळ आली नसती. दारूने बिघडलेल्या लिव्हरमध्ये बहुतेक वेळा एसजीओटी वर असतो, कित्येकदा एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. वजनाच्या फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला उलट असतं, आणि यांचं तसंच होतं. वजन ९१, कंबर चाळीस इंच, सकाळी शेव-उसळ, संध्याकाळी फरसाण, दिवसभर खुर्ची. दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं. कमाटीबागेत रोज चालणं सुरू केलं, चहातली साखर आणि फरसाण बंद केलं. वजन ८३ वर आलं तेव्हा एसजीपीटी ४१ होता.

आणि नणदोईंचा तो रिपोर्ट. एसजीपीटी नॉर्मल आला म्हणजे लिव्हर ठीक, असं मुळीच नाही. सिरॉसिस (लिव्हरवर व्रण साचून ते कडक होणं) झालेल्या माणसाचेही हे आकडे नॉर्मल येऊ शकतात. रक्तातले प्लेटलेट, अल्ब्युमिन बघितलं का, लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन केला का, हे मी तेव्हाच सगळ्यांसमोर विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

तुमचं म्हणाल तर वजनाच्या ७ ते १० टक्के, म्हणजे सहा ते नऊ किलो उतरवा. तोवर दारू पूर्ण बंद. महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासा, सोबत जीजीटी (लिव्हरचंच आणखी एक एन्झाइम) करा. तो दारूने चढतो तसा वजनानेही चढतो, म्हणून एकट्या त्याच्यावरून निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांना पेग सांगू नका, मिली सांगा. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि घरी ओतलेला पेग बहुधा ६० चा भरतो.

हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. टीबीची औषधं किंवा कसले काढे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनीही एसजीपीटी वाढतो. रोज भरपूर घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. हे मी नणदोईंनाही सांगितलंय, आणि त्यांनी तपासून घ्यावं असं मला आजही मनापासून वाटतं.