कुदळ कधी, खुरपे कधी? बागेच्या अवजारांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरामागची दहा फूट बाय दहा फूट जागा भाजीसाठी तयार करायची आहे. माती चिकण आहे, आजवर कधी खणलेली नाही. कुदळ, टिकाव, फावडे, फोर्क, खुरपे यांतले सुरुवातीला काय घ्यावे?

कुदळ, फावडे आणि खुरपे. एवढ्या जागेला ही तीन पुरतात; चौथे घ्यायचेच तर वाफा सपाट करायला दाताळे घ्या. मुरूम किंवा दगड लागला तरच टिकाव लागेल.

कुदळ फोडते आणि फावडे ओढते, हा फरक नीट लक्षात घ्या. घट्ट जमीन फावड्याने खणायला गेलात तर त्याचे रुंद पाते दोन-तीन इंचांपलीकडे शिरत नाही आणि सगळा झटका मनगटाला बसतो. कुदळीचे पाते अरुंद असल्यामुळे तेवढ्याच जोरात ते खोल जाते. एका घावात मोठे ढेकूळ उपसू नका. चार-चार बोटांवर घाव घालत मागे सरका आणि वीतभर खोल खणा. मोकळी झालेली माती ओढायला, सरी पाडायला, वाफ्याचे काठ बांधायला मात्र फावड्याला तोड नाही.

अवजार कोणतेही घ्या, चिकण माती वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ती ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओलसर झाल्याशिवाय, खणू नका. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबा आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. तो फुटून भुगा झाला तर खणायला हरकत नाही. नुसता चपटा झाला तर एक-दोन दिवस थांबा. गोळा वळतच नसेल तर माती फार कोरडी आहे. पाणी द्या आणि वाफसा येऊ द्या. खणताना पात्याने कापलेली बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, चमकती दिसली तर काम तिथेच थांबवा. ती चकाकी म्हणजे मातीतली छिद्रे लिंपली गेल्याची खूण. अशी माती वाळली की तिची विटेसारखी ढेकळे होतात आणि मुळांना त्यांत शिरता येत नाही.

प्रश्न : दर आठवड्याला खुरपणी करूनही लव्हाळा हटत नाही, उलट वाढतो. खुरपे चुकीचे आहे का?

खुरपे बरोबर आहे, पण लव्हाळ्यासाठी ते नाही. बियांपासून उगवलेले कोवळे, दोन-चार पानांचे तण हे त्याचे काम. पाते जवळजवळ आडवे धरून दोन-तीन सेंटीमीटर खालून सरकवायचे, म्हणजे मूळ कापले जाते आणि तण जागीच सुकते. त्याहून खोल गेलात तर खाली पडून राहिलेले तणाचे बी वर येते, त्याला उजेड मिळतो आणि नवे तण उगवते.

लव्हाळ्याचे एक रोप हलक्या हाताने उकरून बघा. पातीच्या बुडाशी फुगीर भाग दिसेल, तिथून दोऱ्यासारखे मूळकांड निघालेले आणि त्यावर ओळीने काळपट गाठी. पात ओढली की ती बुडाशी तुटते आणि गाठी खालीच राहतात. साखळी अखंड असते तोवर तिच्यातल्या बऱ्याच गाठी सुप्त असतात. खुरप्याने किंवा कुदळीने ती तोडली की त्या वेगवेगळ्या फुटतात. तुमच्याकडे तण वाढते आहे ते यामुळेच.

इथे चार दातांचा फोर्क घ्या. वाफसा असताना तो 15 ते 20 सेंटीमीटर खोल घालून ढेकूळ उचला, हाताने फोडा आणि गाठी वेचा. सगळ्या गाठी हाती लागत नाहीत. राहिलेल्यांना नवी पात फुटली की चार-पाच पानांवर येताच ती काढत राहा. पात वाढू दिली नाही की गाठीतला साठा आटत जातो आणि नव्या गाठी धरत नाहीत. याला एखादा हंगाम तरी जातो, मध्येच सोडू नका. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून दाट पसरणारे पीक घेतले तर मदत होते. गाठी खताच्या खड्ड्यात मात्र कधीच टाकू नका. हरळीलाही फोर्कच बरा, कारण तिच्या कांडीचा प्रत्येक पेरा मूळ धरतो.

प्रश्न : बसून खुरपताना गुडघे आणि मनगट दुखते. उभ्याने चालवायचे अवजार घेतले तर खुरप्याची गरज संपेल का?

बरीचशी संपेल, पूर्ण नाही. लांब दांड्याचे, पुढे-मागे ढकलायचे अवजार ओळींमधल्या मोकळ्या जागेसाठी उत्तम. रोपाच्या बुडाशी मात्र खुरपेच लागते, कारण तिथे दोन बोटांच्या चुकीने रोपच कापले जाते. दांडा घेताना अवजार जमिनीवर उभे करून पाहा. त्याचे टोक खांदा आणि हनुवटी यांच्या दरम्यान यावे. त्याहून आखूड असेल तर कंबर वाकते आणि दुखणे गुडघ्यातून पाठीत जाते.

मनगट दुखण्याचे कारण पुष्कळदा बोथट धार असते. 20-25 सेंटीमीटरची सपाट कानस घ्या आणि पात्याची मूळ उतरण सांभाळून एकाच बाजूने, फक्त पुढच्या दिशेने चालवा. कानस मागे घासत आणली तर तिचे दात मरतात. मागच्या बाजूला आलेली कुस, म्हणजे लोखंडाची बारीक खरखरीत कड, एका हलक्या हाताने काढा. धार वस्तऱ्यासारखी करू नका, खड्यावर लगेच दुमडते.

कोरड्या दिवशी सकाळी खुरपा, म्हणजे उपटलेले तण उन्हाने वाळते. घोळ ही रानभाजी तणात असेल तर ती मात्र उचलून बाहेर टाका. तिचे मांसल देठ ओल्या मातीवर पडले तरी पुन्हा मूळ धरतात.

प्रश्न : कुदळीचा दांडा सतत ढिला होतो. पाण्यात भिजवून ठेवणे बरे का?

नको. भिजलेले लाकूड नेढ्यात, म्हणजे पात्याच्या दांडा बसवायच्या भोकात, फुगते आणि त्याचे तंतू चेंगरतात. वाळल्यावर ते आधीपेक्षा जास्त आकसते. दांडा काढून बघा. लाकूड झिजले असेल तर टोक तासून पुन्हा बसवा. नेढे एका बाजूला रुंद असेल तर दांडा त्याच बाजूने घाला, म्हणजे प्रत्येक घावासरशी तो घट्ट होतो. नेढे सरळ असेल तर कोरड्या कठीण लाकडाची पाचर ठोका. लाकडाला वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळा आणि अवजार पावसात राहू देऊ नका. दांड्याला उभी चीर गेली असेल तर तार गुंडाळून काम भागवू नका, तो बदलाच. घाव घालताना दांडा तुटला तर पाते पायावर येते.