यंत्र बंद असेल त्या दिवशी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पीक नुकसानीची नोंद करणारे तुझे ॲप महाविद्यालयात सर्वांनी वाखाणले आणि तुझ्याच वडिलांच्या वावरात, झडीच्या तिसऱ्या दिवशी, ते नुसते गोल गोल फिरत राहिले, हे तू प्रामाणिकपणे लिहिलेस म्हणून मी आज इतर कामे बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसलो आहे.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस: सर्व्हर कोणाचा घ्यावा, पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता त्यात बसवावी का, आणि हे सारे सोडून पुण्याची नोकरी धरावी का. पहिल्या दोहोंची उत्तरे मी देणार नाही, कारण त्यांच्या आधीचा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. यंत्र बंद असेल त्या दिवशी कास्तकाराचे काम होईल की नाही?

पीक विम्याच्या केंद्रीय नियमांत स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. आता आपल्या भागात कपाशीची पऱ्हाटी केव्हा आडवी होते ते आठव. वादळ येते, लाइन जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात आणि नेटवर्क नाहीसे होते. ज्या दिवशी पीक बुडते त्याच दिवशी फोनही मुका होतो. हा योगायोग नव्हे, दोन्हींचे कारण एकच आहे. वर्षाचे ३६० दिवस उत्तम चालणारे आणि नेमके त्या पाच दिवसांत बसकण मारणारे ॲप कास्तकाराच्या उपयोगाचे नाही.

तू लिहितोस की नेटवर्क नसल्यामुळे ॲपला वावराची जागा सापडली नाही. हे चूक आहे, आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाने असे लिहावे याचे मला वाईट वाटले. जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. फोन उपग्रहांचे संकेत थेट ऐकतो. नेटवर्क असले की उपग्रह कोठे आहेत याची माहिती त्याला आयती मिळते, नसले की ती त्याला उपग्रहाकडूनच ऐकून घ्यावी लागते आणि त्या एका माहितीला सुमारे ३० सेकंद जातात. तुझे ॲप दहा सेकंदांत हार मानते. त्याला तीन मिनिटे थांबायला शिकव आणि कास्तकाराला पडद्यावर मराठीत सांग की उघड्या आकाशाखाली उभे राहा. फोटो, जागा आणि वेळ आधी फोनमध्ये साठव, मग पाठवण्याचा विचार कर. इंटरनेट नसतानाही पुष्कळदा एसएमएस निघून जातो. मात्र देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हेच मावतात आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यात मोजली जाते, तेव्हा मजकूर तोलून लिही. आणि हे सारे तुझ्या नव्या फोनवर तपासू नकोस. काच तडकलेला, मेमरी शुभेच्छांच्या फोटोंनी भरलेला, घरातल्या तिघांनी वापरलेला फोन घे, कारण वावरात तोच असतो.

मी इतका हट्टी का झालो, ते तुला एकदा सांगणे भाग आहे.

१९९८ साली मी तालुक्यातील काही सेवा सहकारी संस्थांचे, म्हणजे कास्तकारांना कर्ज देणाऱ्या गावच्या संस्थांचे, हिशेब संगणकावर चढवले. मराठी त्या वेळी खासगी फॉन्टमध्ये टंकली जाई. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतात, १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण आमच्या तालुक्यात ते नाव कोणी ऐकलेले नव्हते. ते सॉफ्टवेअर संगणकामागे लावलेल्या एका लहानशा इलेक्ट्रॉनिक कुलपावर (डोंगलवर) चाले. कुलूप काढले की सारे बंद. मला त्या कामाचा इतका अभिमान होता की लाल कापडात बांधलेली जुनी रजिस्टरे रद्दीत काढा, असे सचिवांना मीच सांगितले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. २००५ च्या सुमारास ते कुलूप जळाले, बनवणाऱ्यांनी तोवर दुकान बंद केले होते, आणि फायली उघडल्या तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसे. तीन वर्षे कोणाचे अडले नाही. मग २००८ ची कर्जमाफी आली. ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेले आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेले कर्ज कोणाचे किती, याच्या याद्या मागवल्या गेल्या, आणि माझ्या संगणकाकडे सांगण्यासारखे काही नव्हते. ज्यांनी सचिवाच्या सहीच्या पावत्या पेटीत जपून ठेवल्या होत्या त्यांची नावे लागली. बाकीच्यांनी किती चकरा मारल्या ते मी पाहिले आहे. त्यांतले एक आजोबा मला रस्त्यात भेटले की आजही आधी नमस्कार करतात, आणि मला मान वर करता येत नाही.

तेव्हापासून यंत्र बंद असेल त्या दिवशी काम कसे होईल, हे आधी लिहून घेतल्याशिवाय मी एकही काम हाती घेतलेले नाही. या अटीपायी एक मोठे कंत्राट गेले, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागले, आणि हा माणूस संगणकाच्या विरोधात आहे असे बोलले गेले. ते खरे नाही. गावात संगणक टिकावा म्हणूनच मी भांडलो, आणि ते कंत्राट सोडल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

तू म्हणशील, हे धोरण ठरवणाऱ्यांचे काम आहे. त्यांचेही आहे. कापूस वेचून वेचून ज्या बाईची बोटे बोंडाच्या टोकांनी सोलली आहेत तिचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही, म्हणून तिला धान्य नाकारू नये, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले. पण पर्यायी वही कोठे ठेवायची हे दुकानदाराला माहीत नसेल तर त्या आदेशाने तिचे पोते भरत नाही. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात विलंबासाठी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माझे म्हणणे असे की सर्व्हर बंद असलेले दिवसही त्या विलंबातच मोजले जावेत, आणि ज्या सरकारी ॲपला कागदी पर्याय नाही ते गावात लागू करण्याची परवानगीच नसावी. सरकारी ॲपवरची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पिकाची नोंद कास्तकाराने स्वतः करावी ही तिची कल्पना मला मनापासून पटते. पण कल्पना पटली म्हणून सवाल बदलत नाही.

तू पावती छापून देण्याचे ठरवले आहेस, हे वाचून बरे वाटले. फक्त तो लहान थर्मल प्रिंटर घेऊ नकोस. त्या कागदावर शाई नसतेच. उष्णतेने रंग बदलणारा लेप असतो. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ती पावती दोन हंगाम टिकणार नाही. साध्या वहीत कार्बन घालून हाताने लिहिलेली पावती वीस वर्षांनी वाचता येते. ती पेटीतली होती, तशी.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नंतर पाहू. नोकरीचे म्हणशील तर घराला गरज असेल तर अवश्य घे; त्यात कमीपणा नाही. पण ज्या वीसेक घरांत तू हे ॲप टाकून दिले आहेस, त्यांच्या नोंदी कागदावर उतरवून त्यांच्या हाती दिल्याशिवाय पुण्याची गाडी पकडू नकोस. यात मी ऐकणार नाही.

रविवारी सकाळी ये. वडिलांचा जुना फोन आण, त्यातले सिम काढून घरी ठेव. नाल्यापलीकडच्या धुऱ्यावर उभे राहून आपण घड्याळ लावू आणि जागा किती वेळात सापडते ते वहीत लिहू. वही मी आणतो.

तुझा,
काका