वाचकांचे प्रश्न : वळवाचं वारं, पत्रे आणि तारा

प्रश्न : मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात गोठ्याचे दहाफुटी पत्रे उडाले. वर दगड ठेवले होते, तरी उडाले. नवे पत्रे टाकताना काय काळजी घ्यावी?
– शेतकरी वाचक, बीड जिल्हा

उत्तर : दगडांचा भरवसा आधी सोडा. वळवाचा पाऊस कोरड्या हवेतून पडताना निम्म्या वाटेतच त्याची वाफ होऊ लागते. त्यामुळे हवा गार, जड होऊन खाली आदळते आणि जमिनीलगत चौफेर सुटते. हे वारं छतावरून जाताना पत्र्याला वर ओढतं. ताशी 100 किलोमीटर वाऱ्याचा जोर चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरतो. म्हणजे दहा बाय साडेतीन फुटी पत्र्यावर दीडशे किलोच्या आसपास ओढ, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम 15 किलो. चार दगड तिथे काय करणार? उलट तेच खाली झोपलेल्याच्या डोक्यात पडतात.

गोठा एका बाजूने उघडा असेल तर धोका आणखी वाढतो. वारं आत कोंडतं आणि पत्र्याला खालूनही ढकलतं. वाऱ्याच्या तोंडची बाजू भिंतीने किंवा पत्र्याने बंद करा.

पत्रा खालच्या आधाराच्या पाइपांना 8 मिलिमीटरच्या जे-हुकने (J आकाराच्या आटेदार सळईने) आवळा, वायसर (नटाखालची चकती) रबरी आणि रुंद घ्या. वायसर लहान असला तर हुक जागेवर राहतो आणि पत्रा भोकापाशी फाटून निघतो. भोक नेहमी पत्र्याच्या नागमोडी पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडा. कडेच्या आणि आढ्याच्या पाइपावर एक पन्हाळ सोडून हुक हवाच. मधल्या पाइपांवर तीन-चार पन्हाळींनी चालेल. पाखं भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका.

हुक पक्के असूनही पाइपासकट अख्खं छत उडतं, कारण पाइप भिंतीवर दोन विटांत नुसता टेकवलेला असतो. 12 मिलिमीटरची सळई दीड फूट खोल काँक्रीटमध्ये गाडा आणि तिचं वरचं टोक पाइपावर वळवून वेल्डिंग करा. खर्चात हात आखडायचाच असेल तर इथे आखडू नका.

प्रश्न : वाऱ्याने तार तुटून शेतात पडली, वीजही गेलेली. तार बाजूला सारावी का?

उत्तर : मुळीच नको. पुरवठा कधीही परत सुरू होतो. ओल्या जमिनीतून आणि काटेरी तारेच्या कुंपणातूनही विजेचा धक्का बसतो. माणसं, जनावरं किमान 10 मीटर लांब ठेवा आणि वीज तक्रारीच्या 1912 या क्रमांकावर कळवा.