जुनी व्हिंटेज सायकल सेकंडहँड घेताना काय तपासावं आणि ती चालती करायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्यांदाच जुनी स्टीलची सायकल घेताय, घरी साधे पाने आणि हातोडी आहे, आणि फोटोत दिसणाऱ्या गंजामुळे मन कच्चं होतंय, असं तुम्ही लिहिलंय. गंजाचं फार मनावर घेऊ नका. हँडल, रिम, मडगार्डवरचे तांबूस ठिपके बहुतेक वेळा निघतात. सायकल खरोखर वाया जाते ती वाकलेल्या फ्रेममुळे, फ्रेममध्ये धरून बसलेल्या सीटपोस्टमुळे (सीटखालचा दांडा) आणि आट्यांचं माप न बघता आणलेल्या भागांमुळे.

जाहिरात बघून निघण्याआधी विकणाऱ्याकडून चार फोटो मागवा: चेनच्या बाजूने पूर्ण सायकल, हँडलखालच्या जोडाचा खालून घेतलेला, मागचा एक्सल बसतो त्या खाचेचा, म्हणजे ड्रॉपआउटचा, आणि क्रँकचा, म्हणजे पायडल ज्यावर बसतं त्या दांड्याचा. सोबत एकच प्रश्न विचारा: सीट वरखाली होते का? उत्तर "कधी बघितलं नाही" असं आलं तर पाना सोबत न्या आणि पैसे देण्याआधी स्वतः हलवून बघा. हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरून फ्रेममध्ये शिरणारा भाग, तोही तसाच बघा. आणि तुमच्या उंचीला बसत नसेल तर कितीही देखणी असली तरी सोडून द्या. आडवा दांडा दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहायला हवेत. बाकी सगळं बदलता येतं, फ्रेमची उंची नाही.

फ्रेम तपासताना हेडट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची पुढची उभी नळी) लगेच मागे, आडव्या आणि तिरक्या नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. समोरून धडक बसलेल्या सायकलला तिथे सुरकुती किंवा फुगवटा येतो, रंगाला आडव्या भेगा पडतात. डोळ्याला चुकतं ते बोटाला कळतं. मग बाजूने चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, बघा. त्याचा वरचा सरळ भाग हेडट्यूबच्या रेषेतच असला पाहिजे, मागे ढकलल्यासारखा दिसला तर धडक नक्की. मागच्या भागासाठी दोरा पुरतो. एका बाजूच्या ड्रॉपआउटपासून दोरा हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. स्टील असेल तर त्याहून थोडा जास्तही जाणकाराकडून सरळ करून घेता येतो, अॅल्युमिनियम मात्र वाकवायच्या भानगडीत पडू नका. सीटपोस्ट निघाली तर टॉर्च लावून नळीच्या आत बघा. पापुद्रे सुटत असतील तर गंज आतून खातोय, आणि तो गंज वेगळा.

फ्रेम कुठल्या दर्जाची आहे याचा अंदाज स्टिकरपेक्षा सीटपोस्टवर कोरलेल्या मापावरून चांगला येतो. २७.२ मिमी असेल तर नळी पातळ आणि चांगल्या स्टीलची असण्याची शक्यता बरीच, रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या स्टीलच्या डबल-बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ नळीच्या) फ्रेमना सहसा हेच माप असतं. २५.४ च्या आसपास असेल तर बहुधा जाड नळीची, जड फ्रेम. ड्रॉपआउट पत्र्यातून कापलेला आहे की घडीव, हेही बघा. काळ ठरवायला भागांवरचे शिक्के वाचा. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर वर्ष आणि महिना असतो, "६२ ५" म्हणजे मे १९६२. शिमानोच्या जुन्या भागांवर दोन अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७ असं पुढे. दुसरं महिन्याचं, ए ते एल. अर्थात हब नंतर बदललेला असू शकतो, त्यामुळे एकाच शिक्क्यावरून फ्रेमचं वय सांगणाऱ्यावर विसंबू नका.

दोन गोष्टी दिसल्या की मी मागे फिरतो. एक, लॅम्बर्ट आणि व्हायकाउंट या सायकलींचा मूळ अॅल्युमिनियमचा चिमटा, तो तुटण्यासाठीच ओळखला जातो. चिमटा बदललेला असेल तर हरकत नाही. दुसरी, तडा गेलेला अॅल्युमिनियमचा स्टेम किंवा हँडल. सिम्प्लेक्सचे डेलरिन प्लॅस्टिकचे डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारे भाग) जुने झाले की तडकतात, पण ते बदलता येतात, त्यासाठी सायकल नाकारू नका.

आता मापांचं, कारण पैसे इथेच बुडतात. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो त्या जागेचे, ब्रिटिश आटे १.३७ इंच आणि इंचाला २४, आणि चेनच्या बाजूची वाटी (छर्रे बसतात तो आट्यांचा कप) उलट्या आट्यांची. इटालियन ३६ मिमी, इंचालाही २४ च, पण दोन्ही बाजू सरळ. फ्रेंच ३५ मिमीला १ मिमी पिच, दोन्ही सरळ. स्विस माप फ्रेंचसारखंच, फक्त चेनची बाजू उलटी, आणि मोटोबेकानच्या बऱ्याच सायकलींत ते सापडतं. रॅलेच्या जुन्या नॉटिंगहॅमच्या सायकलींना इंचाला २६ आटे, म्हणजे बाजारातली नेहमीची ब्रिटिश वाटी तिथे जाणारच नाही. जबरदस्तीने फिरवली तर फ्रेमचे आटे जातील. म्हणून मूळ वाट्या आणि एक्सल शक्यतो ठेवा, छर्रे तेवढे नवे घाला. जुन्या फ्रेंच क्रँकला पायडलही १४ मिमीचं लागतं, नेहमीचं ९/१६ इंचाचं नाही.

टायरच्या बाबतीत तर आकडे सरळ फसवतात. २६ × १ ३/८ आणि २६ × १.३७५ हे गणिताने एकच, पण पहिल्याची रिम ५९० मिमीची आणि दुसऱ्याची ५५९ ची. शिवाय श्विनच्या काही सायकलींवर २६ × १ ३/८ असंच लिहिलेलं असतं आणि रिम निघते ५९७ ची. म्हणून जुन्या टायरच्या भिंतीवर ३७-५९० सारखा जोडआकडा शोधा आणि त्यातल्या तीन आकडी संख्येवरच खरेदी करा. रॉड ब्रेकवाल्या उंच सायकलींचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५, २७ × १ १/४ म्हणजे ६३०, आणि ७०० सी म्हणजे ६२२. सत्तावीसच्या जागी ७०० सी चाकं घालायची असतील तर रिम त्रिज्येत ४ मिमी आत सरकते. ब्रेकची रबरं तेवढी खाली उतरतात का ते आधी बघून घ्या.

सायकल घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्या बाजूंनी फोटो, विशेषतः केबलचे मार्ग आणि वॉशरचा क्रम. मग अडकू शकणाऱ्या प्रत्येक जागी भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा. पायडल काढताना नेहमीचा घोळ डाव्या बाजूला होतो, कारण तिथे उलटे आटे असतात. पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि सायकलच्या मागच्या बाजूला ढकला, दोन्ही पायडल याच दिशेने सुटतात. स्टेमचा बोल्ट पूर्ण काढू नका. चार-पाच फेरे सैल करा, बोल्टच्या डोक्यावर लाकूड ठेवा आणि हातोडीचा एक ठोका द्या, म्हणजे आतली पाचर खाली सुटते.

सीटपोस्ट अॅल्युमिनियमची आणि फ्रेम स्टीलची असेल तर दोन धातूंमध्ये ऑक्साइड तयार होऊन ती पक्की धरते, आणि तेल तिथे फारसं शिरत नाही. अमोनियाने तो थर सुटायला मदत होते, मात्र उघड्यावर, हातमोजे घालून. सरसकट तापवू नका. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पोस्ट आणखी घट्ट होते, उलट पोस्ट थंड करण्याचा उपयोग होतो. पोस्टचं टोक व्हाइसमध्ये आवळून फ्रेमच फिरवली की जोर मिळतो. तरीही हलली नाही तर शेवटचा उपाय म्हणजे वरून कापून, आतून करवतीच्या पात्याने उभी चीर पाडणं. काम तासन्‌तास चालतं, आणि चीर फ्रेममध्ये गेली तर सगळं संपलं.

कॉटर पिनच्या, म्हणजे पाचरीसारख्या पिनेने एक्सलला धरलेल्या, क्रँकला लोक उगाच घाबरतात. नट आट्यांच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत सैल करा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली पिनचं जाड डोकं आत मावेल असा जाड लोखंडी पाइप उभा टेकवा आणि तो थेट फरशीवर येऊ द्या. मग जड हातोडीचा एकच नेमका घाव. पाइपचा आधार नसेल तर सगळा धक्का बेअरिंगला बसून वाट्यांत खड्डे पडतात. हलक्या हाताने टकटक करत बसलात तर पिनचं टोक पसरतं किंवा पिन वाकते, आणि मग ड्रिल करून काढण्यावाचून इलाज नाही. नव्या पिना आणताना जुनी सोबत न्या, कारण ९.५ आणि ९ मिमी दोन्ही मापं चालतात. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जायला हव्यात, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. पिन हातोडीने पाइपच्या आधारावरच आत ठोका. नटाने ओढून बसवायला गेलात तर आटे निघतील.

बॉटम ब्रॅकेट उघडताना चेनच्या बाजूची स्थिर वाटी तशीच राहू द्या, ती जागेवरच पुसून तपासता येते. छर्रे मोजून काढा. बहुतेक ठिकाणी मागच्या हबमध्ये १/४ इंचाचे प्रत्येक बाजूला ९, पुढच्या हबमध्ये ३/१६ चे १०, बॉटम ब्रॅकेटमध्ये १/४ चे ११. हँडलच्या बेअरिंगला बऱ्याचदा ५/३२ चे, आणि वाटीत एका छर्‍याएवढी जागा मोकळी सोडायची असते. छर्रे चांगले दिसत असले तरी नवेच घाला. कोनवर (एक्सलवरचा, छर्‍यांना टेकणारा निमुळता नट) खड्डा असेल तर कोन बदला. हबच्या वाटीतच खड्डे असतील तर त्या हबवर वेळ घालवू नका. ग्रीस भरून कोन इतकाच आवळा की एक्सल बोटांनी मऊ फिरेल आणि चाक बाजूला हलवल्यावर खट् वाजणार नाही. क्विक रिलीजच्या चाकात अगदी किंचित ढिलाई ठेवावी लागते, लिव्हर दाबल्यावर ती जाते. हँडल बरोबर सरळ रेषेत आल्यावर अडकल्यासारखं वाटत असेल तर खालच्या वाटीत छर्‍यांचे ठसे पडलेत. पिंजऱ्यातल्या छर्‍यांऐवजी सुटे छर्रे घातले की ठशांशी जागा जुळत नाही आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

क्रोमवरच्या गंजाला चुरगळलेला अॅल्युमिनियम फॉइल आणि पाणी, याहून भारी काही लागत नाही. स्टीलचे सुटे भाग फार गंजले असतील तर १० लिटर पाण्यात तीन-चार मोठे चमचे ऑक्झॅलिक अॅसिड घालून काही तास बुडवा. ते विषारी आहे, त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवीच. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. अॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका. मूळ रंग शक्यतो घासून काढू नका, माझ्या मते ओरखडे असलेला मूळ रंग नव्या रंगापेक्षा कधीही बरा. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासला तर त्याची धूळ फुफ्फुसात जाते.

केबल आतल्या-बाहेरच्या दोन्ही नव्या, ब्रेकची रबरं नवी, यात काटकसर नको. जुनं रबर कडक होऊन दगडासारखं घसरतं. स्टीलच्या क्रोम रिमवर ओल्यात ब्रेक फारच कमी लागतो, नव्या रबरांनीही, हे गृहीत धरूनच चालवा. चेन मोजायची तर १२ इंचांच्या पिना फूटपट्टीवर धरा. शेवटची पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला, १/८ पुढे असेल तर फ्रीव्हीलही (मागची दातेरी चक्रं) झिजलेलं निघेल. हब गिअर किंवा एक गिअर असेल तर चेन १/८ इंच रुंदीची, डिरेलरवाल्या सायकलीला ३/३२ ची. चाकाचा आउट काढण्याआधी प्रत्येक निपलला (आऱ्याच्या रिमकडच्या टोकाचा नट) तेल सोडा, कोरडं फिरवलं तर आरा तुटतो किंवा निपल गोल होतं. एका वेळी पाव फेराच.

स्टर्मी-आर्चरचा हब अडखळत असेल तर लगेच उघडायला जाऊ नका. बहुतेक वेळा आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. तेलाच्या भोकातून चमचाभर हलकं खनिज तेल सोडा, चाक फिरवत राहा आणि दिवसभर ठेवा. वनस्पती तेल नको, ते पुन्हा चिकट होतं. मग गिअर दोनवर ठेवा आणि उजव्या नटाच्या खिडकीतून बघा. गिअरच्या बारीक साखळीला जोडलेल्या दांड्याचा जाड भाग जिथे संपतो ती कड एक्सलच्या टोकाशी बरोबर जुळली पाहिजे. जुळली नाही तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पायडल अचानक रिकामं फिरतं, आणि उभं राहून जोर लावत असाल तर तोंडावर पडाल.

खर्चाचा अंदाज घेताना टायर, ट्यूब, केबल, रबरं, चेन, छर्रे आणि सीट यांची बेरीज आधी करा. ती सायकलीच्या किमतीच्या पुढे सहज जाते. म्हणून दोन सायकलींपैकी निवडायची वेळ आली तर चाकं चांगली असलेली घ्या. एकाच मॉडेलची मोडकी जोडीदार स्वस्तात मिळत असेल तर तीही घ्या, विचित्र आट्यांचे भाग त्याच वाटेने मिळतात.

पहिली फेरी जवळच मारा आणि पाने खिशात ठेवा. परतल्यावर कॉटर पिनांचे नट, स्टेमचा बोल्ट आणि एक्सलचे नट पुन्हा आवळा. पिना बसून घेतात, त्यामुळे त्यांचे नट पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही एकदा बघावे लागतात.